तुझ्या जागी पिशवी बसली

मागचं दार उघडत नव्हतं. टेम्पोचं तोंड जीपच्या पाठीत घुसलं होतं आणि चेपलेला पत्रा तुझ्या बाकड्यापर्यंत आला होता. मी उतरून मागे आले तेव्हा मला तुझा एकच हात दिसला, कोपरापर्यंत. बोटांना खडू लागलेला होता. निघायच्या आधी तू पोरींना शिकवत बसली होतीस आणि गाडी चुकेल म्हणून मी तुला हातसुद्धा धुऊ दिले नव्हते. मी वाकून म्हणाले, "सुमन, ऊठ."

त्या दिवशी मी तुला दुसऱ्यांदा ऊठ म्हणत होते. पहिल्यांदा तू ऐकलं होतंस.

पहार आणायला कुणीतरी वस्तीवर पळालं. ड्रायव्हर डोकं धरून रस्त्यात बसला होता. एक जण ओरडला, "म्हातारीला बाजूला घ्या रे." म्हातारी म्हणजे मी. मी बाजूला झाले नाही. तुला बाहेर काढेपर्यंत तिथेच उभी होते आणि सगळं पाहिलं. ते इथे लिहीत नाही. तुझा चष्मा धड होता, एवढं लिहिते. एकाही काचेला तडा नव्हता.

शाळेचे हेडमास्तर परवा येऊन गेले. तुझ्या आठवणींचं छोटं पुस्तक काढायचं आहे. "अक्का, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो," असं म्हणाले. मी म्हटलं, चौथी पास आहे, माझं मी लिहीन, तुम्ही फक्त वेलांट्या बघा. तुझा जन्म, तुझं शिक्षण, किती गावांत इंग्रजी शिकवलंस, ते सगळं त्यांनी लिहिलं आहे. मला माहीत आहे ते त्यांना माहीत नाही, म्हणून मी लिहिते.

आपण दोघी जावा. दोघी विधवा झालो आणि नेकनूरजवळच्या या घरात दोघीच उरलो. दोन चुलींची एक झाली ती काही मायेने झाली नाही. गॅसची टाकी लवकर मिळत नव्हती म्हणून झाली. पहिली वीस वर्षं आपलं पटलंच नाही. तू डोक्यावर पदर न घेता शाळेत जायचीस आणि मी ते सासूबाईंना जाऊन सांगायचे. कोण सांगतं ते तुला माहीत होतं. तू मला एकदाही विचारलं नाहीस. मला तेव्हा वाटायचं, तू मला घाबरतेस. आता वाटतं, तुला माझी दखल घ्यायची गरज वाटत नव्हती.

नोकरी संपली आणि तुझं तोंड बंद राहीना. ओसरीवर गावातल्या पोरी गोळा केल्यास. पोरी नसल्या की समोर मी. मी म्हणाले, "मला कशाला पाहिजे इंग्रजी? मला काय विलायतेला जायाचंय?"

"तुमाला न्हाई, मला पाहिजे," तू म्हणालीस. "दुपारी वर्ग न्हाई घेतला तर मला जेवण पचत न्हाई."

आणि पहिल्याच दिवशी म्हणालीस, "अक्का, आपण झालेल्या गोष्टींपासून सुरू करू. आपल्यापाशी दुसरं हाय काय?"

मी तूर निवडायचे आणि तू बोलायचीस. 'गो' म्हणजे जाणे, पण गेलं की त्याचं 'वेंट' होतं. मी सूप खाली ठेवलं. म्हटलं, हे कुठून आलं, गो कुठे गेला? तू म्हणालीस, "तुमचं म्हायेरचं नाव काय?" मी म्हणाले, गोदावरी. "मग कौसल्या कुठून आली? लग्नात बदललं का न्हाई? तसंच हाय ते. झालेल्या गोष्टीत गेलं की काहींचं नावच बदलतं. काहींना नुसतं शेवटाला आडनाव लागतं. अन् 'पुट'सारख्या काही हायेत, ज्येंचं काहीच बदलत न्हाई. म्हायेरी पुट, सासरी पुट."

"आडमुठ्या," मी म्हणाले.

"तुमच्यासारख्या," तू म्हणालीस.

मला एक आवडलं. त्या भाषेत बाई गेली काय आणि बाप्या गेला काय, सगळे वेंटच. क्रियेवरून कळत नाही बाई आहे का गडी. मी तुला म्हणाले, ही सोय चांगली आहे. तू हसलीस.

मग ओसरीच्या फरशीवर तू खडूने मोठी जीप काढलीस. नेकनूर ते केज धावते तशी काळीपिवळी. पोरींसाठी काढली होतीस, पण तिच्यातून जास्त मीच फिरले. ड्रायव्हरच्या जागी करणारा. त्याला खेटून 'केलं'. 'केलं'ला खेटून 'काय'. पुढच्या सीटवर हे तिघं. मधल्या सीटवर आधी 'कसं', मग 'कुठं'. आणि पार मागच्या बाकड्यावर 'कधी'. आय ड्रँक टी क्विकली इन द किचन इन द मॉर्निंग. मी प्याले चहा पटकन स्वयंपाकघरात सकाळी.

मी पहिल्या दिवशी म्हटलं, आय ड्रँक क्विकली टी. तू कपाळावर हात मारलास. खडू कपाळाला लागला. "अक्का, 'प्यालं' अन् 'चहा' ह्येंच्या मधी शिरू नका हो. नवरा-बायको हायेत ते."

"मग 'कसं'नं बसायचं कुठं?"

"त्येंच्या मागं. सासूसारखं. लक्ष ठिवून."

'गॉट' नावाचा एक शब्द तू मला शिकवलास. त्याला लहान लहान शब्द चिकटवले की त्याचं काम बदलतं. गॉट इन म्हणजे गाडीत चढली. गॉट डाउन म्हणजे उतरली. गॉट अप म्हणजे उठली. एक शब्द आणि तीन बायका, असं मी म्हणायचे. मला ते पाठ झालं. शी गॉट अप क्विकली. शी गॉट डाउन स्लोली फ्रॉम द जीप. हे मला अजून येतं. आता ते येऊ नये असं वाटतं, पण पाठ झालेलं जात नाही.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. मी म्हणायचे, आपली मराठीची रीत बरी. आधी कोण, मग कधी, कुठे, कसं आणि सगळ्यात शेवटी काय केलं ते. ऐकणाऱ्याचं मन तयार होतं. इंग्रजीत काय, तोंड उघडलं की केलं. धसमुसळी भाषा. तू म्हणायचीस, "तुमच्या रीतीत तवर ऐकणारा उठून जातो. अन् सांगणाऱ्याला पळायला लई जागा भेटती."

मी म्हणाले, "मी कधी पळाले?"

भात बघायला आत गेलीस.

'कधी'ला मात्र तू मुभा दिली होतीस. त्याला एकट्याला मागून उठून पार पुढे, ड्रायव्हरच्याही पुढे, बॉनेटवर येऊन बसता येतं. इन द मॉर्निंग, आय ड्रँक टी. बाकीच्यांनी आपापली जागा सोडायची नाही. त्या शेवटच्या सकाळी पोरी निघाल्या आणि मी पिशवी भरता भरता तुला 'का'ची जागा विचारली, "सगळे बसवलेस, 'कावून' कुठं बसतो?" तू फरशीवरच्या जीपकडे पाहिलंस. खडू हवेत धरलास. "त्यो टपावर बसतो, अक्का. त्याचं मोठं लफडं हाय. केजवरनं आल्यावर सांगते."

केजला आपल्या मनीषाची वास्तुशांत होती. तिच्या सासऱ्यांनी, तुझ्या व्याह्यांनी, नवं घर बांधलं होतं. तुझ्या लेकीचं घर म्हणून तू आठ दिवस आधीपासून आहेर जमवत होतीस. विहिणीला लुगडं, जावयाला टोपी-टॉवेल, नारळ. सगळं एका पिशवीत.

नेकनूरला जीपमध्ये बसलो तेव्हा मधली सीट रिकामी होती. मला गाडी लागते म्हणून मी खिडकीपाशी बसले. तू माझ्या शेजारी. पिशवी तुझ्या मांडीवर. पुढे फाट्यावर जीप थांबली आणि व्याहीच चढले, झेंडूच्या फुलांचं गाठोडं घेऊन. "आरं, इहीणबाई! बेस झालं, बराबरच जाऊ," असं म्हणून ते तुझ्या पलीकडे टेकले. आता मी खिडकीला, तू मध्ये, ते पलीकडे. तुझा खांदा त्यांच्या खांद्याला लागला. तू अंग चोरलं नाहीस. घराला रंग कुठला दिला, ते विचारायला लागलीस.

आपल्यात व्याही आणि इहीण असे खेटून बसत नाहीत. एका बाजेवर बसत नाहीत. सासूबाई तर व्याह्यांसमोर दारातून बोलायच्या. मी तुला कोपराने ढोसलं. "सुमन, ऊठ. मागं जाऊन बस."

"अक्का, जीप हाय ही. मांडव न्हाई."

"लोक बघतेत."

"बघू द्या की. जल्मभर पोरांनी माझ्याकडं बघितलंच हाय."

व्याही अर्धे उठले. "बसू द्या हो त्येन्ला. मी जातो मागं."

मी त्यांना म्हणाले, "तुमी बसा. मान हाय तुमचा." आणि तुझा दंड धरला. जोरात धरला. तू चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंस. पोरीने उत्तर चुकवल्यावर पाहायचीस तसं. मग हसलीस. "बरं बाई. 'कधी' मागंच बसतो." पिशवी सीटवर ठेवलीस, उतरलीस, मागून चढलीस. तुझ्या जागी पिशवी बसली. ड्रायव्हर अजून "केज, केज, केज" ओरडत होता. मी वळून पाहिलं तेव्हा तू पदर आवरून एका बाईला जागा करून देत होतीस.

जीप हललीसुद्धा नव्हती. टेम्पो आला.

हवालदाराने माझा जबाब घेतला. त्याने विचारलं, मयत बाई कुठे बसली होती. मी म्हणाले, मागं. त्याने लिहिलं, 'मयत महिला मागील बाकड्यावर बसलेली होती.' मी सही केली. खोटं त्यात काही नव्हतं. तिथे कशी पोचली हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

गावात बोलणं पसरलं ते वेगळंच. व्याह्याला जागा द्यायला इहीणबाई मागे गेली. व्याही पुढे बसून वाचला. मनीषाच्या कानावर तेच आलं. तिसऱ्या दिवशी सासरे भेटायला आले तर ती ओसरीत सगळ्यांसमोर उभी राहिली. "मामा, माझी आई तुमाला जड झालती का? तुमचा मान घेऊन ऱ्हावा त्या नव्या घरात. मी तिथं पाय ठिवणार न्हाई."

व्याह्यांनी हात जोडले. एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तांदूळ निवडत होते. मी निवडत राहिले.

मनीषा इथेच राहिली. तिची दोन्ही लेकरं केजला, ती इथे. जावई दोनदा आला. दोन्ही वेळा तिने त्याला चहा देऊन परत पाठवलं. तिसऱ्यांदा तो आला नाही, फक्त फोन आला. धाकटी फोनवर रडत होती ते मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. तरी मी बोलले नाही. सुमन, मला तुझ्याशी खोटं बोलायचं नाही. दुःखाने तोंड उघडत नव्हतं असं काही नव्हतं. मला भीती वाटत होती. या घरात आता मला दोन घास करून घालणारी मनीषाच होती.

तेराव्याला व्याही पुन्हा आले. पंगतीत बसले नाहीत. गोठ्यापाशी उभे होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले आणि विचारलं, "तुमी बोलला कावून न्हाई? तुमी तर उठत हुतात."

ते म्हणाले, "अक्का, पोरीनं मला शिव्या घातल्या तर मी केजला जाऊन झोपतो. तुमाला घातल्या तर तुमी कुठं जाताल?"

तांब्या माझ्या हातातच राहिला. त्यांनी तो घेतला, पाणी प्याले आणि गेले. या माणसाच्या खांद्याला तुझा खांदा लागला म्हणून मी तुला उठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनीषाने बादली आणि खराटा घेतला. फरशीवरची तुझी जीप अजून होती. इतके दिवस माणसं तिच्यावरून चालली, पाहुणे तिच्यावर बसले, कडेच्या रेघा पुसल्या, पण सीटा दिसत होत्या. ती म्हणाली, "मोठी आई, धुऊ का हे?"

मी म्हणाले, "थांब." आणि जीपच्या मधल्या सीटवर जाऊन उभी राहिले. पायांना काहीतरी ठिकाण पाहिजे होतं. आपल्या रीतीने सांगायला लागले असते तर नेकनूरपासून सुरू केलं असतं. गाडी लागते, तिथून. झेंडूच्या गाठोड्यापासून. सांगता सांगता दुपार झाली असती आणि ते एक शेवटाला सांगायचं राहूनही गेलं असतं. म्हणून तुझ्या रीतीने सांगितलं.

"मी उठवलं. तुझ्या आईला. दंडाला धरून. फाट्यावर. तुझा सासरा मीच मागं जातो म्हणत हुता, त्याला मी बसवलं."

मनीषाच्या हातातली बादली खाली आली. पाणी सांडलं नाही. मग तिने एकच विचारलं.

"कावून?"

मी रीत सांगितली. व्याही, इहीण, खेटून बसणं, लोक. ती ऐकत होती. तुझीच लेक आहे. तिची नजर फरशीवर होती, सीटांवर फिरत होती. मग तिने खराट्याच्या दांड्याने माझ्या पायापाशी टोचलं.

"तुमी मधी सरकायचं हुतं. आई खिडकीला गेली असती. ती मामांना खेटली नसती. तुमी म्हाताऱ्या, तुमाला कोण काय म्हणलं असतं?"

सुमन, हे मला फाट्यावरच सुचलं होतं. तुझा दंड धरायच्या आधी सुचलं होतं. हवालदाराला, व्याह्यांना, कुणालाच मी हे सांगितलेलं नव्हतं.

मी म्हणाले, "मला खिडकी पाहिजे हुती."

"गाडी लागती म्हणून?"

"हां."

ती रडली नाही. बादली उचलली आणि सगळं पाणी जीपवर ओतलं. माझे पाय भिजले. तिने जोर लावून खराटा मारला, पार फरशीचा मूळ रंग दिसेपर्यंत. मी बाजूला झाले. मग आत जाऊन तिने फोन लावला. "मामा, मी येते. न्हाई, गाडी नका पाठवू. एसटीनं येते. मामा, मला माफी करा." पुढचं बोलणं तिने दार लोटून केलं.

जाताना आहेराची पिशवी तिने घेतली. उंबऱ्यात थांबली. म्हणाली, "मोठी आई, मी तुमच्या जागी असते तर लोकाला तोंड दाखवलं नसतं."

मी म्हणाले, "दुसरं तोंड न्हाई माझ्यापाशी."

ती पाया पडली नाही. पडायला नकोच होती. राहिलेली वास्तुशांत झाली, असं जावयाने फोन करून सांगितलं. मला बोलावलं नव्हतं. विहिणीने तुझं लुगडं नेसलं होतं म्हणे. ते ऐकून मला बरं वाटलं, एवढं लिहायला हरकत नाही.

तू माझ्यासाठी काय केलंस तेही लिहिते, नाहीतर हेडमास्तर म्हणतील अक्काने नुसतं आपलंच लिहिलं. साठी उलटल्यावर मला कुणी काही शिकवलं नव्हतं. बाकी सगळे मला सांगायचे किंवा विचारायचे. तू शिकवलंस. मी चुकले की हसलीस, पण पोरींसमोर कधी हसली नाहीस. ज्या बाईने तुझ्या पदराची चुगली केली तिच्यासमोर बसून तू रोज दुपारी खडू झिजवलास. मी तुझी कधी माफी मागितली नाही. आता मागून तुला काही उपयोग नाही आणि मला मोकळं व्हायचं नाही.

पोरी परवा आल्या होत्या. ओसरी कोरी बघून दारातच थांबल्या. एक म्हणाली, "अक्का, तुमी शिकवा की. तुमाला येतंय." मी म्हणाले, मला बारा वाक्यं येतात आणि त्यांतली चार चुकीची आहेत. तरी त्या बसल्या. मग मी एक सांगितलं. शी गॉट अप स्लोली. मोठ्या पोरीने पूर्ण करायला सांगितलं, कुठून, कधी. मी त्यांना घरी पाठवलं. उठली हे मला इंग्रजीत सांगता येतं. उठवलं याला काय म्हणतात ते तू शिकवलं नाहीस. पोरींना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

'कावून'ची जागाही तू सांगायची राहिलीस. मनीषाने विचारलं तेव्हा मी दोन उत्तरं दिली, पहिलं रीतीचं आणि दुसरं खरं. टपावर कुठलं बसतं, ते मला कळलेलं नाही.

मधल्या सीटवर त्या सकाळी आपण तिघं होतो. तू उठून मागे गेलीस. व्याही वाचले. मी वाचले.